मशीनमध्ये करंट नाही

“वहिनी, पाय वर घे. फ्यूजला खालचं काही दिसत नाहीये.”

नणंदेने सांगितलं तसे मास्तरिणीने पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले. शिलाई मशीनच्या टेबलाखाली गल्लीतला वायरमन पोटावर आडवा पडला होता. कुणाचं काहीही बिघडलं तरी ‘फ्यूज गेला असणार’ हे त्याचं पहिलं वाक्य, म्हणून सगळी गल्ली त्याला फ्यूज म्हणायची आणि तोही ओ द्यायचा. त्याने मोटरला टेस्टर लावला, पेडलला लावला, चाकाला लावला. टेस्टर काही पेटेना.

“मशीन एकदम ओके आहे,” तो खालूनच म्हणाला.

“मग मला काय स्वप्नं पडतात? मान खाली घालून सुईकडे बघितलं की पाठीतून सण्णकन करंट जातो, पार पायाच्या बोटांपर्यंत. मघाशीच बसला.”

फ्यूज बाहेर आला, स्वतः स्टुलावर बसला आणि एका चिंधीवर वाकडीतिकडी टीप मारून दाखवली. “मला तर नाही बसला.”

“तुम्हाला मुळात मान आहे कुठे?” नणंद काजं करता करता म्हणाली. मग वहिनीकडे वळून तिने खरा टोला हाणला. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

दुकान दोघींचं होतं. कापायचं काम भावजयीचं, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. काजं, बटणं, गिऱ्हाइकं आणि भांडणं ही खाती नणंदेची. वयाने दोघी बरोबरीच्या. मास्तरिणीचा नवरा, म्हणजे नणंदेचा भाऊ, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त असायचा. त्यामुळे संसार खरा या दोघींचाच होता, आणि संसारात असतं तेवढं सगळं त्यांच्यात होतं. नणंद मनाने वाईट नव्हती. फक्त तिला काही विसरता येत नसे. कुणी काय चूक केली, कधी केली, तेव्हा अंगावर कुठला कपडा होता, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. दुकानात भिंतीवरच्या खिळ्याला एक काळा कोट कायमचा टांगलेला होता. त्याच्या एका बाहीवर लाल धाग्याची शोभेची शिलाई आणि दुसऱ्या बाहीवर विटकरी धाग्याची. गिऱ्हाइकाने तो तोंडावर परत फेकला होता. मास्तरीण उसवून देते म्हणाली, तर नणंदेने हात लावू दिला नाही. “राहू दे. बघत जा रोज,” ती म्हणाली होती.

फ्यूजने मशीनची वायर बदलली, पायाखाली रबराचा तुकडा अंथरला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी करंट पुन्हा आला. मास्तरिणीने नणंदेला काही सांगितलं नाही. कोपऱ्यात सासूबाईंच्या काळची पायाने चालवायची मशीन धूळ खात पडली होती, ती तिने पुसली, तेल घातलं आणि गणवेशाचा शर्ट घेऊन बसली. या मशीनला ना मोटर, ना वायर. कॉलर सुईखाली धरून तिने मान खाली घातली, आणि मानेपासून बोटांपर्यंत तोच करंट सळसळत गेला.

मास्तरिणीने सुई वर करून शर्ट काढून घेतला. मशीन बिघडली तर फ्यूज होता. माणूस बिघडलं तर काय करायचं? तिला मनापासून भीती वाटली, आणि ती भीती कुणाला सांगायची हेही कळेना.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या. नेहमीचे डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यात त्यांची तरी काय चूक? ती समोर जाऊन बसायची तेव्हा तिला काहीच होत नसायचं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. पट्ट्याने मान वाकत नसे, त्यामुळे करंट बसत नसे, आणि शिलाईही दिसत नसे. महिन्याभरात करंट आपोआप थांबला, तशी मास्तरीण हरखली. मग डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्या आठवडाभर गेल्या नाहीत. त्याही गेल्या. दुखणं असं चोरपावलांनी यायचं, आणि दवाखान्याची पायरी दिसली की पळ काढायचं.

“गणवेशांचा ढीग दिसला की वहिनीचं दुखणं येतं,” नणंद गिऱ्हाइकांना सांगायची. हसत सांगायची, पण सांगायची.

मास्तरिणीला सगळ्यात जास्त लागलं ते हे की कधीकधी तिलाही ते खरं वाटे. आपण कामचुकार तर नाही? आपल्याला हे सगळं भासतंय का? रोज सकाळी अंथरुणातच ती मान हळूच छातीकडे वाकवून बघायची. करंट नाही आला तर आनंद व्हायचा आणि लगेच लाज वाटायची, म्हणजे काल आपण उगाच बोललो.

उन्हाळ्यात शाळेचे गणवेश द्यायची घाई होती. दुपारी दुकानाचा पत्रा तापलेला, आणि मास्तरीण इस्त्रीला उभी होती. चड्डीच्या घड्या घालता घालता तिचा डावा पाय जड व्हायला लागला. मग डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. तिने टेबल धरलं, टेबल हातातून सुटलं, आणि इस्त्रीसकट ती खाली बसली. इस्त्री नणंदेच्या पायापाशी पडली.

“अगं वहिनी!” नणंदेने आधी इस्त्रीचा स्विच बंद केला, मग तिला बखोटीला धरून दारात पंख्यासमोर आणून बसवलं. डोक्यावर पाणी थापलं. घाबरली की तिचा आवाज चढायचा. “डोळे फुटलेत का? मला भाजलं असतं म्हणजे? सांगता येत नाही का बसायचंय म्हणून?”

थोड्या वेळाने मास्तरीण उठली. पाय हलका झाला होता, डोळाही स्वच्छ. जणू काही घडलंच नव्हतं. नणंद कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

“आता बरी आहेस?”

“हो.”

“पूर्ण बरी?”

“हो, वन्सं. काय करू, खरंच बरी आहे.”

“मग उद्या मीच येते तुझ्याबरोबर. मोठ्या डॉक्टरकडे. काय ते एकदा माझ्यासमोर होऊन जाऊ दे.”

यात काळजी किती आणि खोटं पकडायची उत्सुकता किती, हे नणंदेलाही सांगता आलं नसतं.

मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर वयाने लहानच होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. करंट, मुंग्या, इस्त्री. मग विचारलं, “याच्या आधी कधी काही झालं होतं? डोळ्यांचं, चालण्याचं, तोल जाण्याचं?”

“नाही,” मास्तरीण म्हणाली. “तशी माझी तब्येत चांगली.”

“नाही कसं?” नणंदेला हे खोटं सहन होईना. तिने पदर खोचल्यासारखी खुर्ची पुढे ओढली आणि तक्रारींचा पाढाच वाचायला घेतला. “पायातली चप्पल रस्त्यात पडली तरी हिला पत्ता नाही! एका पायात चप्पल घालून बाजारभर फिरली, लोक हसले. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? गेल्या पावसाळ्यात. आणि त्याच्या आधी कोटाचं सोंग केलंन्. एवढा महागाचा कोट, एका बाहीला लाल धागा, दुसऱ्या बाहीला विटकरी. विचारलं तर म्हणते, दुकानदाराने विटका धागा दिला. अहो, लालभडक रीळ समोरच होतं, आणि हिने विटकरी उचललं!”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “एक मिनिट. धागा निवडताना तुम्ही कसा बघता?”

मास्तरिणीने नकळत हात वर केला. उजवा डोळा मिटला आणि डाव्या डोळ्याने चिमटीतला नसलेला धागा बघितला. “असा. कापडावर धरून. आमच्या मास्तरांनी असंच शिकवलं होतं. नेम लागतो.”

“त्या दिवसांत हा डोळा दुखत होता?”

मास्तरिणीने डोळ्यावरून बोट फिरवलं. “इकडेतिकडे बघताना आत ठणकायचा. चष्मा बदलला, मग राहिला. ते डोळ्याचं होतं हो. त्याचा पायाशी काय संबंध?”

तिने तीन वर्षांत तीन वेगळी दुखणी सोसली होती आणि तिघांची एकमेकांशी ओळख कधी करून दिली नव्हती. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं. ठोकून झणझणवलेला एक लोखंडी चिमटा पायाच्या अंगठ्याला टेकवला आणि विचारलं, “कळतंय?” डाव्या पायाला ती झणझण जेमतेम कळत होती. मग हळूच मान छातीकडे वाकवायला सांगितली. त्या दिवशी करंट इमानदारीने आला. मास्तरीण दचकली, आणि तिच्या पाठीवरून काय गेलं ते नणंदेने पहिल्यांदा जवळून, तिच्या तोंडाकडे बघत पाहिलं.

डॉक्टर नणंदेकडे वळल्या. “तुम्ही फार मदत केलीत. अजून काही आठवतं? काहीही सांगा. यांच्याबद्दल आणखी काय तक्रारी आहेत तुमच्या?”

नणंदेने बोटं मोजायला घेतली. तिच्याकडे अजून पोतंभर होत्या. गरम पाण्याने अंघोळ केली की ही तासभर लोळते, ही एक. भर दुपारी कामात हिचे डोळे मिटतात, ही दुसरी. पण आता एकेक तक्रार जिभेवर येताना तिला वेगळीच दिसायला लागली. तिने त्या सगळ्या सांगितल्या, अगदी हळू आवाजात, आणि सांगताना मास्तरिणीचा हात धरून ठेवला.

मग मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे फोटो काढले, कंबरेतून पाणी काढून तपासलं. दुखण्याचं नाव निघालं मल्टिपल स्क्लेरॉसिस. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून समजावलं. नसेवर एक आवरण असतं. शरीर चुकून त्यालाच शत्रू समजतं आणि जागोजागी कुरतडतं. कधी डोळ्याकडे जाणाऱ्या नसेवर, मग त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो आणि लाल-विटकरी सारखेच वाटतात; कधी मानेतल्या कण्यात, मग मान वाकवली की करंट बसतो. जागा बदलते, वेळ बदलते, म्हणून एका भेटीत ओळखणं अवघड जातं. अंग तापलं की त्याच जुन्या जागा पुन्हा बोलू लागतात.

“म्हणजे वायरचं प्लास्टिक सोललंय,” मास्तरीण म्हणाली.

“अगदी तसंच.”

“म्हणजे करंट खराच होता?”

“खराच होता.”

तेव्हा मास्तरीण रडली. आजाराचं नाव ऐकून नव्हे. ते तर अजून जिभेवरही बसलं नव्हतं. करंट खरा होता म्हणून रडली. डॉक्टरांनी तिला पुरतं रडू दिलं, मग जे आहे ते सांगितलं. हे मुळापासून जात नाही. पण झटके कमी करणारी औषधं आहेत, चांगली आहेत, आणि लवकर सुरू केली तर बरंच राखता येतं. “शिवणकाम सोडायचं का?” या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “सोडायचं कशाला? उन्हात आणि इस्त्रीवर उभं राहायचं नाही. थकलात की बसायचं. बाकी शिवा.”

दुकानात फेरफार झाले. इस्त्री नणंदेने आपल्याकडे घेतली, आणि इस्त्री करताना ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कुरकुरायची, पण मास्तरिणीला टेबलाजवळ फिरकू देत नसे. फ्यूजने छताला मोठा पंखा लावला आणि मशीनखाली लाकडी ठोकळे बसवून ती उंच केली, म्हणजे मान खाली घालायला नको. काम झाल्यावर तो म्हणाला, “मी तेव्हाच म्हटलं होतं, मशीनमध्ये करंट नाही.”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” नणंद कोटाकडे बघत पुटपुटली.

औषध सुरू झालं. काही दिवस चांगले जायचे, काही जड. रोज सकाळी दुकान उघडलं की नणंद लाल रीळ समोर धरायची. “उजव्याने बघ. आता डाव्याने. सारखाच ना?” मास्तरीण सारखाच म्हणाली की ती रीळ डब्यात टाकून दिवसाच्या पहिल्या भांडणाला लागायची.

थंडीत पुन्हा तपासणीची तारीख आली. निघायच्या आधी मास्तरिणीने स्टूल ओढून खिळ्यावरचा कोट काढला आणि उसवायची सुरी हातात घेतली.

“काय करतेस?”

“बाही उसवते, वन्सं. लाल घालून टाकते. आता दिसतं मला.”

“दे इकडे.” नणंदेने कोट तिच्या हातातून घेतला. बाह्यांवरून हात फिरवला, एकदा लाल शिलाईवरून, एकदा विटकरीवरून. मग तो झटकला आणि स्वतःच्या अंगात चढवला. खांद्यात थोडा सैल होता.

“अहो, लोक हसतील.”

“हसू देत. थंडी आहे,” नणंद म्हणाली. तिने वरपर्यंत बटणं लावली, आणि विटकरी बाहीचा हात मास्तरिणीने धरावा म्हणून पुढे केला.