मडगावच्या गाडीची दोन तिकिटं

माझं डोकं लवकर फिरतं. हे माझ्या आईला माहीत आहे, दादरला ज्याच्या चष्म्याच्या दुकानात मी काचा घासतो त्या मालकाला माहीत आहे, आणि दीपिकाने तर ते कोर्टात लिहूनच दिलं. आमचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. मुलगी आकांक्षा अकरा वर्षांची, आईबरोबर नायगावला राहते. मी लालबागला. दर महिन्याच्या पाच तारखेला मी तिच्यासाठी नऊ हजार रुपये दीपिकाच्या खात्यात टाकतो, आणि एक तारखेपासून कुरकुरायला लागतो.

रविवारी आकांक्षा माझ्याकडे असते. त्या रविवारी कोलंबी सोलता सोलता ती बोलून गेली, "पप्पा, आईने तुझ्या पैशातून एसीची तिकिटं काढली. गणपतीतली, मडगावच्या गाडीची." मग एकदम जीभ चावली. "तुला सांगू नको म्हणाली होती."

झालं! मडगाव म्हणजे गोवा, गोवा म्हणजे हॉटेल आणि मजा. मी इथे दुकानात घरचा डबा नेतो, आणि बाईसाहेब पोरीच्या पोटगीवर एसीतून गोव्याला! आमच्या कोकणातल्या निम्म्या गाड्या मडगावलाच जातात, हे कोकणातल्या माणसाला सुचू नये? पण राग आला की मला काही सुचत नाही.

शाळेपासूनचा मित्र हितेंद्र वकील आहे. त्याला फोन लावला. "तिच्याकडून पै न् पैची पावती मागायचीय."

"पोरगी शाळेत जाते?"

"जाते."

"खाणंपिणं, कपडे, औषधं?"

"सगळं आहे रे."

"मग पावती कसली मागतोस? घरभाडं, लाईटबिल, भाजी, प्रवास, सगळ्यात पोरीचा वाटा असतो. तिच्यापुरता पंखा वेगळा फिरतो काय? जी सांभाळते ती ठरवणार. गप बस."

गप बसलो असतो तर मी कसला! आकांक्षाला सोडून आल्यावर दीपिकाला मेसेज ठोकला. 'पैसे पोरीसाठी आहेत, तुझ्या सहलीसाठी नाहीत. पुढच्या महिन्यापासून फी मी परस्पर शाळेत भरेन. तुझ्या हातात एक रुपया देणार नाही.'

उत्तर आलं, 'आईंना फोन कर.'

आई म्हणजे माझी आई. ती गावी, मडगावच्या वाटेवरच्या कुडाळजवळ, एकटी असते. घटस्फोटानंतर मी गणपतीला गावी गेलोच नव्हतो. रजा नाही म्हणायचो. खरं तर 'बायको खंय?' असं कोणी विचारलं तर काय सांगू, याची लाज वाटायची. चतुर्थीला फोनवर विचारायचो, "गणपती आला?" आई म्हणायची, "इलो." आमच्याकडे मूर्ती पाटावर ठेवून घरच्या माणसाने डोक्यावर घेऊन आणायची असते. मी नाही म्हणजे चुलतभाऊ रघु आणत असेल, असं मी धरून चाललो होतो.

फोन लावून आईला तिकिटांचं सांगितलं.

"काढल्यान मां? बरा झाला," आई म्हणाली. "नायतर यंदा गणपती हाडतलो कोण?"

"रघु नाही आणत?"

"रघूक त्याच्या घरचो असा. आपलो तुझा चेडू हाडता. दोन वर्सां झाली. डोक्यार पाट घेवन, अनवाणी."

"आकांक्षा आणते? आणि तू मला बोलली नाहीस?"

"तू दीपिकाचा नाव काढूक देणस नाय, मग मी सांगू कसा?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "दीपिका बिचारा दारातल्या तुळशीपर्यंत येता. चेडवाक सोडता आणि कणकवलेक मावशीकडे जाता. चाय पण घेणा नाय."

फोन ठेवला आणि मी रडलो. चाळीस वर्षांचा बाप्या, कॉटवर बसून ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी दुकानातून थेट नायगावला गेलो. दीपिका दारातच उभी राहिली. माफी मागायला गेलो होतो, आणि तोंडातून काय निघालं, तर "एसीची का काढलीस?"

"साधी दोन मिनिटांत संपली म्हणून," ती म्हणाली. "आणि पोरीला तिच्या घरच्या गणपतीला न्यायचं, हा खर्च तिचा नाही तर कोणाचा? घर मी सोडलं. तिने नाही सोडलेलं."

"मी चुकलो," मी म्हटलं. "तो मेसेज पुसून टाक. पैसे तुझ्याच खात्यात येतील. कुठे खर्च करायचे ते तू बघ. आणि या वेळी तुळशीपासून परत जाऊ नकोस. आईच्या हातचा चहा घेऊन जा."

"बघू," ती म्हणाली, पण दारातून बाजूला झाली.

आत आकांक्षा वहीवर मान घालून बसली होती. सगळं ऐकलं होतं तिने. "पप्पा, तू पण येणार?"

"रजा टाकतो. एसटीने येईन."

ती खूश होईल असं वाटलं होतं. पण तिचा चेहरा उतरला. "मग गणपती तू घेणार डोक्यावर?"

"छे गं. तो मान आता तुझा. मी मागून झांज वाजवत येईन."

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि थोडा विचार केला. "झांज कोणीपण वाजवेल. तू फक्त पाट उचलून माझ्या डोक्यावर ठेव. मला दोन्ही वर्षं मूर्तीवाल्या काकांनी ठेवून दिला. बाकीच्यांना त्यांचे पप्पा ठेवून देतात."