मेणावरची रेघ

"दात काढू नकोस. रस्ता आहे हा, घर नाही."

अकराव्या वर्षी आत्याचा हा आवाज तिच्या कानात शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिला. मैत्रिणीनं काहीतरी सांगितलं होतं. काय ते आता आठवत नाही, पण हसू असं आलं होतं की पोट धरून फुटपाथवर बसावं लागलं. आत्यानं दंडाला चिमटा काढून उठवलं. पोरीच्या जातीनं चारचौघांत हसलं की लोक भलता अर्थ काढतात, म्हणाली. तिनं ओठ मिटले, ते घराबाहेर कायमचे मिटलेलेच राहिले.

पण ती मोठी झाली आणि सगळं उलटंच झालं. ज्या रस्त्यावर हसायचं नव्हतं, त्याच रस्त्यावर लोक तिला हसायला सांगू लागले. ना ओळख ना पाळख. बसथांब्यावरचा एक म्हणे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला? लिफ्टमधला म्हणे, एवढं छान तोंड देवानं दिलंय, वापरा की. एकदा ती हसली. पटकन सुटका व्हावी म्हणून, नुसती ओठांच्या कोपऱ्यात. तो माणूस दोन गल्ल्या मागे आला. दुसऱ्या एका वेळी नाही हसली. तोही मागे आला, शिव्या देत. हसलं तर बोलावलंस, नाही हसलं तर माजलीस. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावरून तिला रोज कामाला जायचं असे.

काम होतं कवळ्या करण्याचं. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, ती मेणात एकेक दात रोवत बसे. दिव्यावर मेण मऊ करताना स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणे:

हसू माझं तान्हं बाळ, निजे ओठांच्या घरात,
वाटेवरल्या परक्याच्या देऊ कशी मी हातात?

आता गंमत बघा. कवळी करायची तर माणसाचं हसू पाहावंच लागतं. बोळक्या तोंडात मेणाची कड बसवायची, माणूस हसला की वरचा ओठ जिथवर चढेल तिथे मेणावर रेघ मारायची. त्या रेघेवरून दातांची उंची ठरते. रेघ चुकली तर हसताना हिरड्या दिसतात आणि आजोबांचा घोडा होतो. हे काम करणारे बाकीचे लोक खुर्चीजवळ उभं राहून सरळ सांगतात, हसा. तिनं हा शब्द सहा वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता. लहानपणी कुणाची खोडी काढली होती, एवढंच ती विचारी आणि पाठ फिरवून रेघ मारायची सुरी शोधत राही. हसू हाकेला येत नाही, पण पाठ फिरवली की पायाशी येऊन बसतं. म्हातारी माणसं पेरू चोरल्याचं सांगता सांगता खुलत, आणि ती हळूच वळून रेघ मारी. तिच्या कवळ्या कधी परत आल्या नाहीत.

परत आल्या त्या तक्रारी. डॉक्टरीणबाईंनी बाहेर एक वही ठेवली होती. एकानं लिहिलं, मागची बाई सुतकी चेहऱ्याची आहे. दुसऱ्यानं लिहिलं, हाताला गुण आहे पण तोंडाला नाही. बाईंनी तिला बसवून समजावलं होतं, की तुझं काम सोन्यासारखं आहे, पण तिसरी तक्रार आली तर मी दुसरी बघेन. आणि गावात कवळीचा दवाखाना हा एकच.

त्या दिवशी ती प्लॅस्टरची पिशवी आणायला खाली निघाली. वरून ती, खालून एक साठीचा माणूस. इस्त्रीचा सदरा, बोटात दोन अंगठ्या. अरुंद जिन्यात त्यानं कठड्यावर हात आडवा टेकवला. वरच्या दवाखान्यातलीच ना तू, म्हणाला. तिनं मान हलवली.

"मग दात काढायच्या दवाखान्यात राहून तू दात काढत नाहीस होय? काढ की. हास जरा, मग सोडतो."

आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला. ढिली झालेली जुनी कवळी त्याच्या तोंडात खटखटली. खालून कुणाची तरी पावलं वाजली तेव्हा हात निघाला. ती भिंतीला घासत उतरली.

प्लॅस्टर घेऊन परतली तर तो तिच्याच खुर्चीत. आजची मेणाची रेघ त्याचीच होती. डॉक्टरीणबाईंनी तिला दाराआड घेतलं. तू त्यांना जिन्यात धक्का देऊन गेलीस म्हणे, ते वही मागतायत. मी थोपवून धरलंय. तू फक्त एकदा गोड हास आणि विषय मिटव.

ती हात धुऊन खुर्चीपाशी गेली. जुनी कवळी काढल्यावर त्याचे गाल आत गेले होते, आणि त्यानं तोंडावर हात धरला होता. तिला त्याची दया येऊ शकली असती. तिनं मेणाची कड बसवली, आणि नेहमीसारखं लहानपणीच्या खोडीचं विचारलं. तो मेणाआडून बोबडं बोलला.

"आधी तू हास. मग मी."

ती पाठ फिरवून सुरी शोधू लागली. हसू काही पायाशी आलं नाही.

"हास की गं एकदा," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात विनवणी होती, आणि विनवणीखाली धार. "तुझं काय जातंय?"

मेण थंड व्हायला लागलं होतं. तिनं त्याच्या तोंडातून कड काढून घेतली, ट्रेमध्ये ठेवली. मेणावर रेघ नव्हतीच. मग ती त्या दोघांकडे वळली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला, विहिरीत पोहरा जावा तसा.

"जिन्यात तुम्ही हात आडवा धरलात, तेव्हा मी तुमचं तोंड पाहिलंच नाही. खाली किती पायऱ्या आहेत ते मोजलं. उडी मारली तर पाय मोडेल की नुसता मुरगळेल, त्याचा हिशोब केला. कुणीही हास म्हणालं की मी आधी दार कुठे आहे ते बघते. मॅडम, तुम्ही पण ऐका. मी माजोरी आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि मी ते वाटू दिलं, कारण खरं सांगायची लाज वाटायची. मला भीती वाटते. गेली वीस वर्षं हा चेहरा भ्यालेला आहे. आणि तुमच्यासारख्या माणसाला घाबरावं लागतं, याची मला किळस येते."