चौकातला चोथा

सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही पुडी चुकली नाही, हे पेई मावशी ज्याला त्याला ऐकवायच्या. त्या सकाळीही औषधांच्या दुकानात, तराजू हातात धरून, त्यांनी ख्वांगांच्या नव्या सुनेला, लिंगफेनला, तेच ऐकवलं. फुशारकीने जीभ सुटली की हात काय करतात, ते देवालाच ठाऊक.

लिंगफेन तीन पुड्या घेऊन गेली. तासाभराने फळी पुसताना मावशींना वजनाखाली लाल शिक्क्याचे तीन न वापरलेले कागद सापडले आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. ‘आधी तासभर उकळा’ असा तो शिक्का. बचनागाच्या विषारी मुळाच्या चकत्या त्या कागदांत वेगळ्या बांधायच्या असतात. नीट उकळल्या तर म्हाताऱ्याच्या पोटातली थंडी जाते, रोजचे जुलाब थांबतात. कच्च्या राहिल्या तर त्याचं काळीजच थांबतं. त्या चकत्या आज सुंठ-ज्येष्ठमधात मिसळून गेल्या होत्या. सून सगळं एकदमच उकळणार, तेही जेमतेम वीस मिनिटं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ख्वांग, वय एकाहत्तर, दक्षिण वेस.

मावशी धावल्या. वेशीजवळच्या टोफूवाल्याला त्यांनी धापा टाकत विचारलं, “ख्वांग कुठे राहतात? म्हातारे, पोटाने आजारी?”

“कुठले ख्वांग? इथे दगड मारलात तरी ख्वांगालाच लागेल!” तो हसला.

मावशींना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. चार दारं ठोठावली, चारही चुकीची. पाचव्या दाराकडे वळताना चौकात त्यांचा पाय थबकला. रस्त्याच्या मधोमध औषधाचा ओला चोथा पडला होता, अजून वाफाळत होता. आजाऱ्याचा चोथा रस्त्यावर टाकायचा, अशी तिथली रीत. येणारे-जाणारे तुडवतात आणि दुखणं घराबाहेर जातं. मावशी एरवी अशा चोथ्याला लांबून वळसा घालायच्या. नसतं लचांड कोण पायाला लावून घेईल!

आज त्या त्यात गुडघे टेकून बसल्या. सुंठ होती, ज्येष्ठमध होता. आणि बचनागाच्या चकत्या, अजून टणक. त्यांनी एक चावली आणि थुंकली. जिभेला मुंग्या आल्या, मग जीभ बधिर झाली, ओठही.

मडक्यातून ठिबकलेले थेंब एका निळ्या दारापर्यंत गेले होते.

“पिऊ नका!” दार ढकलत मावशी ओरडल्या.

ख्वांग आजोबा दोन्ही हातांत वाटी धरून फुंकर घालत होते. मावशींनी वाटी हिसकली आणि अंगणात ओतली.

“वेड लागलं का तुम्हाला?” लिंगफेन ओरडली.

“बचनाग वेगळा बांधायचा राहिला. चूक माझी. डॉक्टरांची नाही, तुझी नाही.”

“मघाशी तर सव्वीस वर्षं सांगत होतात!”

“सांगत होते,” मावशी म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं. “एक घोट जरी घेतला असता तर?” मग ते मावशींकडे वळले. “दोन पुड्या उरल्यात. आता तूच उकळ. आणि आधी तूच चाख.”

मावशींनी एका पुडीतून चकत्या वेचल्या, मडकं चढवलं. दीड तास चकत्या उकळत राहिल्या. लिंगफेन हाताची घडी घालून चुलीशी उभी होती, नजर मावशींच्या हातांवर. शेवटी मावशींनी चॉपस्टिकने एक चकती काढून चावली. मुंग्या नाहीत. हायसं वाटून त्यांनी ओठ चावला, तर तोही जाणवला नाही. सकाळची बधिरता अजून तोंडातच होती. त्या जिभेला निखारासुद्धा कळला नसता.

‘झालं’ म्हटलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता.

“मला कळत नाही,” मावशी म्हणाल्या. “माझी जीभ मेली आहे. चौकातला चोथा चाखला होता.”

लिंगफेन पुढे झाली. तिने चॉपस्टिक हिसकून घेतली, चकतीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, थुंकला. तिघेही थांबले. कोळसा तडतडला. मावशींनी मनातल्या मनात शंभर मोजले, मग परत शंभर.

“पिठूळ लागतंय,” लिंगफेन म्हणाली. “मुंग्या नाहीत.”

मावशींना रडू फुटलं.

“बाकीचं मी घालते,” लिंगफेन म्हणाली. “तुम्ही बसा.”

आजोबांनी वाटी संपवली, तोंड वाकडं केलं आणि कडू म्हणून शिवी हासडली. मग लिंगफेनने नवा चोथा नेऊन चौकात ओतला. दुकानाकडे परतताना पेई मावशी तिथे थांबल्या. या वेळी त्यांनी वळसा घातला नाही. दोन्ही पाय चोथ्यात रोवून त्या तो चांगला कचाकचा तुडवत पुढे गेल्या.