सात नंबरचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दिवसभर माझ्या तोंडून ‘खट्’ याखेरीज शब्द निघत नाही, म्हणून लोकांना वाटतं, याला काय कळतंय! कळतं हो, सगळं कळतं. दारात राहून जे ऐकू येतं ते घरात बसूनसुद्धा ऐकू येत नाही. माणूस येताना गोड बोलतो आणि निरोप घेऊन जिन्यावर पाय ठेवला की खरं बोलतो. माझ्या कानावर दोन्ही पडतं.

माझं अंग पितळी आणि जीभ पोलादी. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा असा चकचकीत होतो की कोणीही माझ्यात तोंड पाहून घ्यावं. एका लॉजच्या मालकाने आम्हा भावंडांना घाऊक भावात उचललं आणि माझी नेमणूक सात नंबरच्या खोलीवर झाली. बसस्थानकासमोरचं लॉज ते. तिथे माणसं पाहायची माझी हौस पुरेपूर फिटली. लाजणारी नवी जोडपी यायची, नमुन्यांच्या बॅगा घेतलेले फिरते विक्रेते यायचे, परीक्षेसाठी आलेली आणि रात्रभर पाठ करणारी मुलं यायची. बायकोशी भांडून तणतणत आलेले नवरे दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने घरी जायचे. मला सगळेच आवडायचे. किल्लीच्या खाचा जुळल्या की माझ्या लेखी कोणी परका नसायचा.

अण्णांच्या लेखी मात्र सगळेच परके होते. अण्णा म्हणजे त्या लॉजमध्ये खोल्या सांभाळणारे. मिसरूड फुटलं तेव्हा कामाला लागले आणि डोकं पांढरं होईपर्यंत तिथेच राहिले. पाहुण्यांचं सामान उचलायचं, चादरी बदलायच्या, सकाळी दारावर दोन टिचक्या मारून चहा आत द्यायचा. टॉवेल बॅगेत घालून नेणारे, गादीला सिगारेटचे चटके देणारे, उशीच्या अभ्र्याने बूट पुसणारे, सगळे नग अण्णांनी पाहिले. समोर ‘हो साहेब’ म्हणायचे आणि चादरी धुवायला गेले की पाहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

लॉज पाडायचं ठरलं तेव्हा मालक म्हणाले, आठवण म्हणून ज्याला जे हवं ते न्या. कोणी आरसे नेले, कोणी पंखे. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मला काढलं. बाकीचे हसले, म्हणाले, अहो, पंखा न्या पंखा, कुलूप काय नेताय! अण्णा म्हणाले, या सगळ्या लॉजमध्ये याने एकट्याने मला कधी दगा दिला नाही. ते ऐकून मला भरून आलं होतं. लोखंड-पितळेच्या जातीला हे शोभत नाही, पण आलं होतं खरं.

तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या घराच्या दारावर आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. अण्णांचा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो. सूनबाई रक्त तपासणाऱ्या दवाखान्यासाठी काम करते, रोज भल्या सकाळी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढून आणते. आणि एक नात आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती गप्प बसत नाही. अण्णांनी घरात एकच नियम केला होता, उगाच कोणाला आत घ्यायचं नाही. पाहुण्याचा चहा संपला की अण्णा घड्याळाकडे बघायला लागायचे. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण त्यांच्या तोंडी कायम असायची, आणि खरं तर त्यांना पहिला दिवससुद्धा जास्तच वाटायचा.

अशा घरात सूनबाईने एके दिवशी बॉम्ब टाकला.

झालं असं, की चिमणीने शाळेत समुद्राचं चित्र काढलं ते हिरव्या रंगात. बाई म्हणाल्या, समुद्र निळा असतो. चिमणी घरी येऊन आईला विचारायला लागली, खरंच निळा असतो का गं? आणि सूनबाईला सांगता येईना, कारण तिने स्वतःही समुद्र पाहिलेला नव्हता. लग्न झाल्यापासून सलग दोन दिवस सुट्टी तिने घेतली नव्हती. समुद्राकाठच्या लॉजचे दर ऐकले तर पोट तिथेच भरायचं. पण ज्यांचं ती रक्त काढते अशा एका आजीबाईंनी तिला युक्ती सांगितली. म्हणे हल्ली लोक घरं अदलाबदल करतात. आठ दिवस आपण त्यांच्या घरी जायचं, त्यांनी आपल्या घरी यायचं. भाडं नाही की काही नाही. सूनबाईने फोनवर शोधाशोध करून समुद्राकाठच्या गावातलं एक कुटुंब गाठलंसुद्धा. नवरा होड्या रंगवणारा, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुलगे. त्यांना शहरातलं विज्ञान संग्रहालय बघायचं होतं.

अण्णा जे भडकले! आयुष्यभर परक्यांच्या चादरी झटकल्या, म्हणाले, आता माझ्याच गादीवर आणून झोपवता का त्यांना? मुलगा आपली हत्यारं पुसायला लागला. बापापुढे त्याची जीभ नेहमीच टाळ्याला चिकटते. सूनबाई मात्र शांतपणे म्हणाली, “अण्णा, मी रोज सकाळी परक्या घरात शिरते. माझं नावगाव माहीत नसताना लोक दंड पुढे करतात. सुई टोचून घेतात. आणि आपल्याला आठ दिवस घर देववत नाही?”

उत्तर नसलं की माणूस अट घालतो. अण्णांनी घातली. तुम्ही जा, मी हलणार नाही. मी इथेच राहून त्यांच्यावर नजर ठेवणार. जरा काही वाकडं दिसलं की फोन करीन, मग असाल तिथून परत यायचं आणि त्यांनीही चालू लागायचं. सूनबाईने ते मान्य केलं. पलीकडच्या लोकांनाही खरं ते सांगितलं, की घराबरोबर एक सासरेही मिळतील. ते म्हणाले, मग तर बरंच झालं.

निघायच्या दिवशी चिमणी उड्या मारत जिना उतरली. सूनबाई दारात थांबली. फोन करायच्या आधी थोडा विचार करा, एवढंच ती हळूच अण्णांना म्हणाली. बोलताना ती माझ्यावरून बोट फिरवत होती. तिची लग्नानंतरची पहिलीच मोठी सुट्टी आता या हट्टी म्हाताऱ्याच्या खिशातल्या फोनवर लटकत होती, आणि ते तिलाही कळत होतं, मलाही.

दुपारी घंटी वाजली. पाहुण्यांवर वचक बसावा म्हणून अण्णांनी पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. कपाळाला आठ्या घालून त्यांनी दार उघडलं. बाहेर घामाघूम झालेले चार जण आणि पायाशी ही मोठी बॅग. आणि काय सांगू तुम्हाला, सुंभ जळला तरी पीळ जात नाही! अण्णांचा हात आपोआप बॅगेकडे गेला. “या साहेब,” तोंडातून निघून गेलं. बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली, खिडकी उघडली, गरम पाण्याचा नळ कुठला ते दाखवलं, चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली आणि येऊन चौकटीला टेकून उभे राहिले. हे असं उभं राहणं मी लॉजमध्ये हजारदा पाहिलेलं. होडीवाला दमलेला होता, पण भला माणूस. त्याने खिशातून एक नोट काढली आणि अण्णांच्या हातावर ठेवली. अण्णांची मूठ मिटलीसुद्धा.

मग होडीवाल्याने विचारलं, आजोबा दिसत नाहीत कुठे? आम्हाला तर ते घरी असतील असं सांगितलं होतं.

अण्णांचा चेहरा असा झाला, जणू कोणी थोबाडीत मारली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दारात, बक्षिसी! चूक त्यांचीच होती, पण ती कबूल करायची तर आणखीच शरम. “बाहेर गेलेत,” अण्णा म्हणाले. “येतील इतक्यात.”

आणि ते माझ्याजवळ येऊन बाहेरच्या जिन्यावर टेकले. दार अर्धवट लोटलेलं. खिशातून फोन काढला, सूनबाईचा नंबर समोर आणला. अंगठा त्या नंबरावर नेला. मनात म्हटलं, संपलं. पोरीची बस अजून निम्म्या वाटेवरही नसेल आणि परत फिरावं लागणार. मला त्या वेळी वाचा असती तर मी अण्णांना चांगलं खडसावलं असतं.

आत शिक्षिकाबाईंनी स्वयंपाक उरकला होता. भांडी घेतली ती आधी धुवून घेतली, हे मी पाहिलं, अण्णांनीही पाहिलं. ताटं मांडली. मुलांच्या पोटात कावळे कोकलत होते. थोरला पाटावर बसायला गेला तर आईने त्याला हाताला धरून उठवलं. ज्यांचं घर आहे ते आल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, असं तिने बजावलं. धाकट्याने विचारलं, ते आलेच नाहीत तर? तर वाट बघायची, म्हणाली. खिडकीजवळची वाऱ्याची जागा त्यांनी आजोबांसाठी मोकळी ठेवली. ताटाशेजारी होडीवाल्याने स्वतः रंगवलेली लाकडाची छोटी होडी ठेवली, आजोबांना भेट म्हणून. भात निवत चालला, मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागली, पण कोणी घास उचलला नाही.

मग शिक्षिकाबाई दारात आल्या. जिन्यावर बसलेल्या अण्णांना त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही जेवलात का? चला आत. आजोबांच्या शेजारी तुमचंही ताट वाढलंय.”

एका म्हाताऱ्यासाठी दोन ताटं वाढली गेली होती! एक मालक म्हणून, एक गडी म्हणून, आणि दोन्ही शेजारी-शेजारी. लॉजमध्ये मी इतकी वर्षं काढली, खोटी शपथ घेणार नाही. तिथे अण्णांना टॉवेल मागणारे भेटले, शिव्या देणारे भेटले, दया दाखवणारेही भेटले. तुम्ही जेवलात का, असं कोणी विचारलं नव्हतं.

अण्णांनी फोन खिशात टाकला, आत गेले, हात धुतले आणि खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसले.

“ती आजोबांची जागा आहे,” धाकटा म्हणाला.

“हो,” अण्णा म्हणाले. “आले आजोबा.”

होडीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून तो माफी मागायला लागला, ती नोट परत द्या म्हणाला. अण्णा म्हणाले, ती काही परत मिळायची नाही, बॅग जड होती. आधी शिक्षिकाबाईंना हसू फुटलं, मग मुलांना, आणि शेवटी अण्णाही हसले. दुसरं ताट मुलांनी वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या खोलीच्या दारावर दोन टिचक्या वाजल्या. माझ्या अगदी समोरची खोली ती. थोरला मुलगा चहाचा कप घेऊन उभा होता. आतून आवाजच येईना. मला कळलं का येईना ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारावर टिचक्या मारणाऱ्याला, कोणी आपल्या दारावर मारल्या तर काय म्हणायचं हेच ठाऊक नव्हतं. शेवटी कसंबसं ‘ये’ म्हणाले. पोरगा कप देऊन गेला. अण्णा गादीवर कप हातात धरून बसले आणि रडले. मी डोळ्यांनी पाहिलं, उगाच कशाला लपवू?

तेवढ्यात सूनबाईचाच फोन आला. तिच्या आवाजातली धाकधूक मला दारापर्यंत ऐकू आली. त्रास देतायत का ते लोक, निघू का आम्ही, असं विचारत होती. मागे लाटांचा आवाज होता आणि चिमणी किंचाळत होती.

“अजिबात निघायचं नाही,” अण्णा म्हणाले. “मला इथे अंथरुणात चहा मिळतोय. तू पाण्यात पाय घाल आणि फोन ठेव.”

त्यानंतर आमच्या दारातून किती कुटुंबं आली आणि गेली. कोणी रोपांना पाणी घालायला विसरलं, कोणी बशी फोडून नवी आणून ठेवली. होडीवाल्याची मुलं तर आता न विचारता येतात. मी म्हातारा झालोय. जीभ अडखळते, पावसाळ्यात अंग आखडतं. माझं मागणं फार नाही. किल्ली रागाने फिरवू नका, अधूनमधून तेलाचा थेंब घाला, आणि दार लावताना आपटू नका. आणखी एक, घर रिकामं ठेवून मला नुसतं पहाऱ्यावर ठेवून जाऊ नका. बंद राहून गंज चढतो, ये-जा असली की मी टिकतो.

निरोप घेण्याआधी कालचं तेवढं सांगतो. या खेपेला अण्णा स्वतः सगळ्यांबरोबर समुद्रावर निघाले. कधी नव्हे ते. एक विणकरीण आणि तिची म्हातारी आई आमच्याकडे राहायला आल्या आहेत. अण्णांनी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि मंडळी जिना उतरून गेली. थोड्या वेळाने पावलं पुन्हा वर आली. मी ती पावलं ओळखतो, अण्णाच होते. दुसरी किल्ली त्यांच्या खिशात वाजत होती. मी वाट बघत राहिलो की आता किल्ली लावतील. पण त्यांनी ती काढलीच नाही, घंटी वाजवली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

म्हातारीने दार उघडलं. अण्णा म्हणाले, चष्मा राहिलाय, आत येऊ का?

“अहो, विचारता काय?” म्हातारी म्हणाली. “तुमचंच घर आहे.”

“आठ दिवस तुमचं आहे,” अण्णा म्हणाले, आणि ती ‘या’ म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबले.