मुकादम फ्रीजरमध्ये

टेलरमावशींचा दंड मोडला तो शिलाई मशीनच्या वायरीत पाय अडकून. हाड जुन्या चादरीसारखं विरलेलं, पडायचं निमित्त झालं. आणि पोरगा नेमका हाडांचाच शास्त्रज्ञ! आता बोला. त्यानं आईला आपल्या घरी आणलं आणि तिच्या घराच्या किल्ल्या स्वतःच्या कपाटात टाकल्या.

"हाड जुळेपर्यंत इथंच," तो म्हणाला. मग हाडाच्या डॉक्टरांनी रोजचं इंजेक्शन लिहून दिलं, तेही दोन वर्षांचं, आणि 'जुळेपर्यंत'चा मुक्काम बघता बघता दोन वर्षांचा ठरला.

"अरे, ते मी माझ्या घरी घेईन की."

"कुठे ठेवशील? त्या खटारा फ्रीजमध्ये? साधा बर्फ होत नाही त्यात! हे औषध नाजूक असतं, आई."

मावशींना पोरगा आवडायचा, सूनही आवडायची. पण स्वतःचं मशीन, स्वतःची खिडकी आणि मनात येईल तेव्हा केलेला चहा, ह्यासाठी जीव नुसता तुटायचा.

जेवताना त्याचं व्याख्यान ठरलेलं. पाळी गेली की बाईच्या अंगातलं एक हार्मोन आटतं. मग हाड पाडणारे कामगार मोकाट सुटतात आणि बांधणारे गवंडी पेंगायला लागतात. मोडलेल्या जागी शरीर वाढीचे घटक सोडतं, ते गवंड्यांना हाका मारतात, पण विरळ हाडात त्या हाकेलाही जोर नसतो. "हे इंजेक्शनसुद्धा हार्मोनच. रोज थोडं टोचायचं. मुकादम दारात उभा राहिला की गवंडी कसे उठतात, तसं."

मुकादमाची व्यवस्था त्यानं जातीनं ठेवली होती. प्रयोगशाळेत वाढीचे घटक गोठवूनच ठेवतात, म्हणून घरीही इंजेक्शनचं पेन फ्रीजरमध्ये, मटारांच्या मागे. कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी तो ते बाहेर काढून तळहातांत चोळायचा, पातळ झालं की आईच्या पोटाला टोचायचा. जन्मभर सुईवर जगलेल्या बाईला ही सुई काही धरू दिली नाही.

आणि काय आश्चर्य, दंड जुळला! एक्स-रे बघून स्वारी हवेत. परवाच्या परिषदेत आईचा दंड पडद्यावर दाखवायचा, असं ठरूनही गेलं. मावशींनी ही बातमी सगळ्या बहिणींना कळवली.

दुसऱ्या दिवशी सुनेनं साफ करायला फ्रीजर रिकामा केला आणि औषधाचा खोका हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. खोक्यावर बर्फाची चांदणी छापली होती आणि तिच्यावर ठसठशीत फुली.

"आई, हे बघा."

मावशींनी बघितलं. आधी हसू फुटलं, मग पोराची दया आली.

"ह्यांना सांगायचं? उद्या भाषण आहे," सून कुजबुजली.

"सांगायचं तर! उद्या लोक हसण्यापेक्षा आज आपण हसू."

संध्याकाळी तो आला. मावशींनी खोका त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चित्र पाहिलं आणि खुर्चीत बसकणच मारली.

"नुसतं गार ठेवायचं असतं. गोठलं की हे औषध बाद होतं," तो पुटपुटला. "मी पाणी टोचत होतो तुला."

"मग दंड कसा रे जुळला?"

"जुळतात, आई. विरळ हाडंसुद्धा सावकाश आपली आपण जुळतात. मीच शिकवतो हे पोरांना."

"म्हणजे मुकादम मेलाय हे गवंड्यांना कुणी कळवलंच नाही."

सून तोंडाला पदर लावून वळली. तो मात्र हसला नाही.

"पण तुझा खुबा, तुझे मणके? त्यांना काहीच मिळालं नाही. पुढच्या वेळी पडलीस तर... दोन वर्षं आजपासून पुन्हा मोजायची."

खरं सांगितलं की सुटका होईल, असं मावशींनी धरलं होतं. उलट शिक्षा पहिल्यापासून सुरू! डोळे भरून आले, आणि रागही आला.

"राहशील ना?" पोरगा खालच्या आवाजात म्हणाला. "औषध तर लागणारच आहे."

"घेईन की, रोज घेईन. टोचायचं मला शिकव, दोन मिनिटांत जमेल. आणि किल्ल्या काढ."

"आई, ते ठेवशील कुठे?"

"माझ्या खटारा फ्रीजमध्ये," मावशी म्हणाल्या. "तूच म्हणालास ना, त्यात साधा बर्फ होत नाही."

तो उठला आणि त्यानं कपाट उघडलं.