शेवटी ठेवलेली बाटली

त्या पेशी मेरेआनाच्या नाहीत हे कळलं, त्या दिवशी रावीरी प्रयोगशाळेत काचेची भांडी निथळत ठेवत होता. ॲलिस्टर, त्याचा साहेब, दार लोटून आत आला आणि उभाच राहिला.

"रावीरी, बस जरा."

"हात ओले आहेत. बोला ना."

"डीएनए तपासून आलं. तुझ्या बायकोच्या नावाने आपण ज्या पेशी वाढवल्या, त्या तिच्या नाहीत. उबेच्या कपाटात शेजारी ठेवलेल्या दांडग्या पेशी आहेत. कुणा परक्या बाईच्या. अगदी सुरुवातीला गोठवलेली एक नळी द्रव नायट्रोजनच्या टाकीच्या तळाशी राहून गेली होती. ती मात्र तिचीच."

म्हणजे घोटाळा नंतर झाला. आणि नंतर त्या पेशींना हात लावणारा एकच माणूस होता.

मेरेआनाच्या गाठीत एक जनुक बिघडलं होतं. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं प्रथिन हे जनुक बनवतं. धडधाकट माणसात जखम झाली की निरोप जातो, भरली की थांबतो. तिच्या पेशी स्वतःच निरोप धाडायच्या आणि स्वतःच ऐकायच्या. थांबणं नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "चला, या घरात कुणीतरी न सांगता कामाला लागतंय."

तिने गाठीचा तुकडा प्रयोगशाळेला दिला तो एका अटीवर. काम झालं की तिचं जे असेल ते घरी, तिच्या मातीत यायचं. तिच्या थोरल्या बहिणीने, हुहानाने, त्यावर प्रार्थना म्हटली, तेव्हा कुठे तो काचेत गेला.

ती गेल्यावर त्या पेशींची देखभाल रावीरीने मागून घेतली. नियम साधा असतो. हळू वाढणाऱ्या पेशी आधी, दांडग्या शेवटी. म्हणजे दांडग्यांचा थेंब दुसरीकडे जात नाही. नवख्यांना हे तोच शिकवायचा. काचेत तिच्या पेशी हळू वाढायच्या, पण तिची बाटली तो शेवटी ठेवायचा. सगळं आटपून, घाई नसताना, तिच्यापाशी बसावं म्हणून. आणि आधीच्यांना घालून उरलेलं पोषक पाणीच तिलाही घालायचा.

मग पेशी भराभर वाढू लागल्या. ॲलिस्टर म्हणाला, जनुकाने जोर धरला. रावीरीने हुहानाला फोन केला, "ताई, ती मजेत आहे." काम संपल्यावर, थडग्याच्या नव्या दगडावरचं कापड विधीने काढायच्या दिवशी दोघांनी ती बाटली विणलेल्या पिशवीतून नेली आणि मेरेआनाच्या पायाशी पुरली. हुहाना बाटलीशी बराच वेळ बोलली. लहानपणची भांडणंसुद्धा काढली.

शनिवारी तो ड्युनेडिनहून हुहानाच्या गावी खरं सांगायला निघाला.

हुहानाने दारातच त्याच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. "वाळलास रे. बायको होती तेव्हा तिच्या हातच्याला नावं ठेवायचास ना? घे आता." आत खारवलेले टीटी पक्षी उकळत होते. "ते शिजेपर्यंत कबरीवर जाऊन येऊ."

"ताई, एक बोलायचं होतं."

"तिच्यासमोरच बोल. ऐकू दे तिलाही."

कबरीपाशी हुहानाने पायाकडची माती थोपटली. "पूर्ण आली बघ घरी. म्हणून मला झोप लागते. तुझ्यामुळे झालं, रावीरी."

त्याचे कान तापले. तिथे कोण आहे, कुठल्या देशाची, तिला कुणी बहीण आहे का, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्या बाईसमोरही मान वर करवेना.

"काय बोलायचं होतं?"

"पुढच्या वेळी मासे आणतो म्हणत होतो."

"एवढ्यासाठी असं तोंड? मला वाटलं लग्नबिग्न ठरवलंस."

निघताना दोघांनी रिवाजाप्रमाणे फाटकापाशी हात धुतले. हुहाना पुढे गेली तरी रावीरी धुतच होता. मग त्याने तिच्या घरी पोटभर जेवण केलं आणि परत आला.

मेरेआनाची नळी अजून टाकीत आहे. तिला घरी न्यायचं राहिलं आहे, आणि त्याआधी हुहानाला सांगायचं.