नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी

वैशाखात अप्पा, माझे वडील, गेले. दोनच महिने आधी त्यांनी नवी मिनीबस घेतली होती. आई म्हणाली, "निलंग्याच्या लग्नाचं हे एक भाडं पार पाड. जमलं तर गाडी ठेवू, नाही तर विकू." मी नांदेडला कॉलेजात शिकवते. मला गाडी कळते ती वाचून. अप्पांचे ड्रायव्हर मकबूलचाचा मात्र लगेच किल्ली घेऊन तयार झाले.

नवरदेव गोलूला उदगीरला पोचवायचं होतं. परवा गाडी त्यांच्या अंगणात लागली. वऱ्हाडाची गाडी उपाशी निघू द्यायची नाही, ही त्या घराची रीत. म्हणून गोलूच्या आजोबांनी, सिद्रामप्पांनी, तिला ओवाळून डिझेल भरून दिलं. काल चाचांनी लातूरहून पाहुणे आणले. आज सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी जोरच धरेना.

"निळ्या झाकणाच्या टाकीत कुणी काही घातलं का?" मी विचारलं.

"म्या घातलं," सिद्रामप्पा म्हणाले. "त्यात काय घालत्यात इचारलं तर मानसं म्हनली, त्यात युरिया असतोय. घरात अर्धं पोतं व्हतं. बोरच्या पान्यात कालवून वतलं. उपाशी कशाला ठिवायची?"

चाचांनी कपाळाला हात लावला. "अज्जा, आता सायलेन्सरला कणसं लागतील!"

बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. अप्पा असते तर पायरीवर बसून हसले असते. मी पाना शोधायला वळले.

त्या टाकीत शुद्ध युरियाचं तयार पाणी लागतं. यंत्र त्याचा मोजका फवारा धुरात मारतं, म्हणजे धूर स्वच्छ होतो. खताच्या युरियानं आणि बोरच्या क्षारांनी फवाऱ्याचं तोंड पांढऱ्या खड्यांनी बुजलं होतं. चाचांनी ते खोलून काढलं, टाकी रिकामी केली, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यानं विसळली. चांगल्या द्रवाचा कॅन सीटखाली होताच, तो टाकीत ओतला.

"हे खडे कोमट पाण्यात विरघळतील," मी म्हणाले. "पाणी तापवायला किती वेळ लागेल?"

सगळ्यांच्या नजरा एकदम अंगणातल्या तांब्याच्या हंड्याकडे गेल्या. शेजारी पाटावर गोलू हळदीनं माखून बसला होता.

"अज्जा, माझ्या अंघोळीचं हाय ते!"

"तू पिवळाच चल," सिद्रामप्पा म्हणाले. "नवरी वळखंल तुला. गाडी न्हाई आली तर सासरा वळख दावनार न्हाई."

त्या पाण्यात खडे विरघळले. उरलेलं पाणी गोलूच्या डोक्यावर ओतलं. चाचांनी फवारा परत बसवून स्टार्टर मारला. दिवा थोडा वेळ तसाच राहिला, मग विझला. बँडवाल्यांनी कुणी न सांगताच वाजवायला सुरुवात केली.

उदगीरला आम्ही अक्षतांच्या आधी पोचलो. मांडवातून आईला फोन लावला, पण सनईपुढे काही ऐकू येईना. तेवढ्यात सिद्रामप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"वैनी, धाकट्या नातवाचं लगीन माघात हाय. हीच गाडी पायजे. टाकीला म्या हात लावत न्हाई!"

फोन परत माझ्याकडे आला. आई म्हणाली, "अगं, माघात गाडी असेल का आपल्याकडे?"

"असेल," मी म्हणाले.